खुणेच्या काठ्या

माझं अक्षर चांगलं आहे. लहानपणापासून सगळे तसं म्हणत आले आणि मलाही ते खरं वाटत आलं. आमच्या गावच्या सेवा मंडळाचं चिटणीसपद माझ्याकडे आलं ते या अक्षरामुळेच. बोलायला मी बुजरा. पण दुसरे जे बोलत ते मी नीटनेटकं लिहून काढत असे, सूचनांचे कागद लिहून भिंतींवर लावत असे, आणि हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तेवढा मान पुष्कळ होता.

मावशीला जाऊन सव्वा महिना झाला. तिला वाचता येत नव्हतं. हे जे मी लिहायला बसलो आहे ते तिला तोंडानं सांगायला हवं होतं, आणि त्यासाठी मला नऊ-दहा वर्षं मिळाली होती. आता रोज संध्याकाळी अर्धं पान लिहितो. कधी तेवढंही होत नाही.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. वडील मुंबईला गोदीत होते, त्यांनी तिकडेच दुसरं लग्न केलं. आईची ही थोरली बहीण. तिचा नवरा गलबतावर खलाशी होता, तो एका खेपेला गेला आणि ते गलबतच परत आलं नाही. मूल नव्हतं. खाडीच्या काठाला, मच्छीमारांच्या वाडीच्या टोकाशी तिचं दोन खणांचं घर. तिनं मला तिथं नेलं आणि वाढवलं, शिकवलं, ते सगळं काथ्यावर.

काथ्या कसा होतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नारळ सोलला की वरची जाड साल निघते, तिला आमच्याकडे सोडण म्हणतात. गणपती झाले की बायका ही सोडणं गोळा करून खाडीच्या चिखलात खड्डे करून पुरतात. वर झावळं, त्यावर दगड, त्यावर पुन्हा चिखल. भरतीचं पाणी त्यावरून येतं आणि जातं. सहा महिने सोडणं कुजतात. शिमगा झाला की ती वर काढायची, लाकडी मोगरीनं बडवायची, धुवायची, उन्हात वाळवायची आणि मांडीवर वळून सुंभ करायचा. सहा महिने कुजायलाच हवीत. आधी काढली तर साल चिवट राहते, धागा सुटत नाही, आणि एकदा उन्हात सुकली की ती चुलीत घालण्याखेरीज कशाचीही होत नाही. प्रत्येक बाईचा खड्डा वेगळा आणि खड्ड्यावर खुणेची काठी. कुणाच्या काठीला शंख बांधलेला, कुणाच्या काठीला चिंधी. मावशीच्या काठीला चिंधीची दुहेरी गाठ असे. ती गाठ तिच्या नवऱ्यानं तिला शिकवली होती.

सोडणं कुजताना वास येतो. तो हातांना येतो, केसांना येतो, घरातल्या कपड्यांना येतो. शाळेत माझ्या बाकावरची मुलं सरकून बसत. मी घरी येऊन रडलो नाही. पण त्या वयात मी एक ठरवलं, की असं काहीतरी शिकायचं की हा वास पुन्हा अंगाला लागता कामा नये. ते मी केलं. मावशीला त्याचा आनंदच होता. नोकरी लागल्यावर मी बाजारात खोली घेतली आणि लग्नही केलं. मावशीला ये म्हटलं तर ती म्हणाली, "माझां हय बरां आसा. तू येत जा." मी दर रविवारी जात असे. मग महिन्यातून एकदा, मग सणावारी. खाडीकाठापासून बाजारापर्यंत अर्धा मैलसुद्धा नाही.

महाराष्ट्र राज्य होण्याच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा गावोगाव श्रमदानाचे दिवस होते. आमच्या मंडळात पंधरा-वीस माणसं. अध्यक्ष डॉक्टर. ते घाटावरचे, आमच्याकडे येऊन चार वर्षं झालेली, पण गावातल्या कुणापेक्षाही गावासाठी जास्त राबणारे. ओहोळावर साकव घातला तेव्हा दगड वाहणाऱ्यांच्या रांगेत ते पहिले उभे होते. विहिरींत औषध टाकायला ते स्वतः वाकत. देवी टोचायच्या मोहिमेत घरोघर हिंडून त्यांनी पोरांना मांडीवर घेतलं होतं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर होता, अजूनही आहे. पुढं जे झालं त्यात त्यांचा दोष नाही.

माघ संपत आला होता. प्रांतसाहेब लाँचनं येणार आणि मंडळाची कामं बघणार असं पत्र आलं. सभा बसली. डॉक्टर म्हणाले, "धक्क्यावर उतरल्याबरोबर समोर काय दिसतं ते बघितलंत का कुणी? तो खाडीचा काठ. सगळा सडलेला कचरा, आणि त्यावर डास. मी हिवतापाची औषधं देतोय आणि आपण डासांची शेती करतोय. तो काठ आपण साफ करू."

कापडाचं दुकान असलेले एक सभासद होते, त्यांना विनोद करायची सवय. ते म्हणाले, "डॉक्टर, तो कचरा नव्हे, ती आमच्या काथ्यावाल्यांची मिळकत आहे. एखादी दुकानात शिरली की ठाणाला आठ दिवस वास राहतो. गिऱ्हाईक विचारतं, शेठ, हे लुगडं पाण्यात काढलंत की चिखलात?"

सगळे हसले. मीही हसलो. हे मी मुद्दाम लिहितो.

डॉक्टर हसले नाहीत. "म्हणजे ती वापरातली वस्तू आहे? मग हात लावता येणार नाही."

"कसली वापरातली! थोडं नेतात, बाकीचं वर्षानुवर्षं तिथंच पडून. विचारा चिटणिसांना, ते त्याच बाजूचे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. 'त्याच बाजूचे' या शब्दांनी जणू माझ्या सदऱ्याला तो वास परत आला. तिथं एवढंच बोलायचं होतं, की डॉक्टर, ती सोडणं आहेत, शिमग्यानंतर निघतील, तोवर थांबा, माझ्या मावशीचाही खड्डा त्यात आहे. दोन वाक्यं. मी म्हणालो, "हो. बरंचसं सोडून दिलेलंच असतं."

बरंचसं. जुन्या वर्षांची काही सोडणं काठाला पडलेली असत हे खरं होतं. एवढ्या खऱ्याच्या आडोशाला मी उभा राहिलो.

डॉक्टर तरीही म्हणाले, "गैरसमज नको. लोकांना आधी कळवा." ते काम माझं होतं. संध्याकाळी वाडीत जाऊन ज्यांचे खड्डे होते त्या अकरा बायकांना सांगायचं, एवढंच. पण वाडीत गेलो असतो तर मावशीच्या दारात उभं राहून हे सगळं सांगावं लागलं असतं. मी घरी बसून नोटीस लिहिली. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ओहोटीच्या वेळी खाडीकाठाची सफाई करण्यात येईल. कोणाची हरकत असल्यास चिटणिसांकडे लेखी कळवावी.' तीन प्रती काढल्या. एक शाळेच्या भिंतीला, एक पोस्टात, एक कापडाच्या दुकानाच्या खांबाला. लेखी कळवावी हे लिहिताना त्या अकरा जणींपैकी एकीलाही अक्षर येत नाही हे मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? रविवारपर्यंत कुणी आलं नाही. इतिवृत्तात मी लिहिलं, 'कोणाचीही हरकत आलेली नाही.'

रविवारी पलीकडच्या गावचा बाजार. बायका पहाटे सुंभाच्या गुंड्या डोक्यावर घेऊन तिकडे गेलेल्या. हेही मला ठाऊक होतं.

काम चांगलं झालं. आमच्या मंडळाचं कुठलंच काम इतक्या उत्साहानं झालं नसेल. पोस्टमास्तर, कारकून, दुकानदार, गुडघाभर चिखलात उतरलेले. डॉक्टरांनी धोतर खोचून पहिली काठी उपटली. दगड बाजूला, झावळं बाजूला, आणि काळी सोडणं पाट्यांत भरून होडीत. होडी खाडीच्या मध्यावर नेऊन रिकामी करायची, की ओहोटीचं पाणी ती समुद्रात ओढून नेई. मी काठावर हजेरीचा कागद घेऊन उभा होतो. माझ्या पायांना त्या दिवशी चिखल लागला नाही.

दुहेरी गाठीची काठी पाणथळीच्या जरा वरच्या अंगाला होती. पोस्टमास्तर तिथं पोचले आणि त्यांनी मला हाक मारली, "चिटणीस, हे नवीन पुरलेलं दिसतंय. झावळंसुद्धा अजून धड आहेत. काढू का ठेवू?"

त्यांनी विचारलं होतं. अजूनही वेळ होता. शेजारी डॉक्टर चिखलानं माखून उभे होते, कापडवाले कपाळ पुसत होते, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "काढा."

बायका दुपारी परत आल्या. सगळ्यात पुढं शेजारची काकी. ही काकी मावशीहून दहा वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ, हातांनी दांडगी. तिनं डोक्यावरची रिकामी पाटी खाली आपटली.

"माझी काठी खंय? अगो, माझी सोडणां खंय गेली? कोणी काढल्यान?"

डॉक्टर पुढं झाले. हसत म्हणाले, "बाई, सगळा कचरा आम्ही साफ केला. आता डास होणार नाहीत."

"कचरो?" काकी म्हणाली. "सहा म्हयने पाणी राखलंव त्याचो कचरो? डाक्टरानु, तुमच्या बाटलेतला औषध मी गटारात वतलंय तर चलात काय? तांबडा पाणी दिसला, म्हणान वतलंय म्हणतंय!"

मागून दुसरी म्हणाली, "आणि वर हसतत कसे बघ, जसो काय सत्यनारायण केल्यानी!"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी वळून मला विचारलं, "ही वापरातली होती?"

मी म्हणालो, "आपण नोटीस लावली होती."

काकीनं मला तेव्हा बघितलं. "आणि ह्यो! ह्यो तर आमच्यातलो! रे, ह्यांका नाय कळलां, तुका नाय कळलां? तू ह्याच चिखलात वाढलंस मा?"

बायकांच्या मागं मावशी उभी होती. ती आपल्या खड्ड्याच्या जागेकडे बघत होती. तिथं आता पाणी भरत होतं. ती सावकाश पुढं आली आणि काकीच्या आणि माझ्यामध्ये उभी राहिली.

"तेका काय विचारतंस?" ती म्हणाली. "तेका मी कधी चिखलात पाय ठेवूक दिलंय काय? पुस्तक सोडून तेना दुसरा काय बघूक नाय."

"नाय ठेवूक दिलंस?"

"नाय."

"एकदाय?"

"एकदाय नाय म्हणतंय मा."

काकीनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली वाकून पाटी उचलली. बाकीच्याही आपापल्या पाट्या उचलू लागल्या. मावशी माझ्याकडे वळली, "जा, ऊन लागतला तुका. घराक जा."

सहा वर्षांचा असल्यापासून मी तिच्याबरोबर त्या चिखलात जात होतो. दगड शोधायला पाय आधी आडवा सरकवायचा, मग टेकवायचा, हे तिनं मला शिकवलं होतं. दुहेरी गाठ मला घालता येत होती. हे ती विसरणं शक्य नव्हतं. मी विसरणंही शक्य नव्हतं. मी घरी गेलो.

दोन दिवसांनी तिच्याकडे गेलो. तिनं भात वाढला, वर सुकटीची चटणी. बडवायची मोगरी दाराशी धुऊन उपडी ठेवलेली होती. त्या वर्षी तिला काही काम नव्हतं. वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्याला सुंभ द्यायचा शब्द दिलेला, तो तिला मोडावा लागला. तिनं आयुष्यात मोडलेला तो पहिला शब्द असेल. मी म्हणालो, "मावशे, त्या दिवशी..."

"आधी जेव," ती म्हणाली.

ती मला बोलू देत नव्हती असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी एकदा तोंड उघडलं आणि पहिल्या अडथळ्याला मिटलं. त्या वर्षी ती दुसऱ्यांच्या अंगणांत झाडलोट करायला जाऊ लागली. मी मदत देऊ केली. तिनं "व्हयी तेवा सांगान" म्हटलं आणि कधी सांगितलं नाही.

प्रांतसाहेब आले, काठ बघून खूष झाले. डॉक्टरांना मात्र चैन पडेना. त्यांनी सभेत सांगितलं की आपल्याकडून चूक झाली आहे आणि त्या बायकांची भरपाई आपण केली पाहिजे. कापडवाल्यांनी अकरा लुगडी देऊ केली. सगळी एकाच ठाणातली, हिरवी, पिवळ्या काठाची. तो रंग गावात खपत नव्हता म्हणून तीन वर्षं पडून होती, हे त्यांनीच नंतर हसत सांगितलं. शाळेच्या पटांगणात समारंभ झाला. नावं मी वाचायची, लुगडं डॉक्टरांनी द्यायचं, आणि मग माझ्या टेबलाशी येऊन बाईनं पोचेवर सही करायची. म्हणजे अंगठा.

मावशी येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. डॉक्टरांनी हात जोडून तिला लुगडं दिलं. ती माझ्या टेबलाशी आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "खंय करूचो अंगठो, मास्तर?"

तिनं मला मास्तर म्हटलं. जन्मात पहिल्यांदा. टेबलाजवळ कापडवाले उभे होते, दोन सभासद उभे होते. त्यांच्यापुढं मी तिचा कुणीही नव्हतो, आणि मला तेच हवं आहे हे तिला माझ्याहून आधी कळलेलं होतं. मी तिचा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर टेकवला. नुसता काळा डाग उमटला. रेघ एकही नाही. मी दुसऱ्यांदा केलं. पुन्हा डागच.

"नीट घ्या हो," मागून कुणीतरी म्हणालं.

"उमटूचो नाय मास्तर," मावशी म्हणाली. "काथ्यान खाल्ल्यान."

तो अंगठा मी लहानपणी धरून शाळेत गेलो होतो. मी कागदावर लिहिलं, 'अंगठ्याचा ठसा अस्पष्ट.' त्याच चांगल्या अक्षरात.

पुढच्या भाद्रपदात बायकांनी पुन्हा सोडणं पुरली. एका सकाळी डॉक्टर मला बरोबर घेऊन धक्क्यावर गेले. काठावर अकरा काठ्या उभ्या होत्या आणि प्रत्येक काठीला हिरव्या कापडाची पट्टी, पिवळ्या काठाची. वाऱ्यावर फडफडत होत्या. त्या अकरा जणींपैकी एकीनंही ते लुगडं नेसलं नव्हतं. लांबून दिसावं, मंडळाच्या माणसांना ओळखू यावं, म्हणून फाडून काठ्यांना बांधलं होतं.

डॉक्टरांनी काठ्या मोजल्या. मग म्हणाले, "हे आपल्यासाठी आहे ना?"

"हो," मी म्हणालो. "खाली सोडणं आहेत. शिमग्यानंतर काढतात. सहा महिने लागतात."

"तुम्हाला हे कसं ठाऊक?"

पुन्हा एकदा कुणीतरी मला विचारत होतं. या वेळी भोवती हसणारं कुणी नव्हतं. फक्त एक भला माणूस होता. मी म्हणालो, "ऐकलं आहे."

"सात महिने उशिरा ऐकलंत," डॉक्टर म्हणाले आणि चालू लागले. त्यांनी मला त्यावर पुढं कधी काही विचारलं नाही. मात्र मंडळाच्या नियमांत त्यांनी एक ओळ घातली, 'काम ठरवण्याआधी त्या जागेवर जाऊन तिथल्या माणसांना तोंडी विचारावे.' ती ओळ माझ्याच अक्षरात आहे. मी चिटणीसपद सोडलं नाही. आणखी सात वर्षं केलं.

मावशीकडे मी नंतर जास्त जाऊ लागलो. एक गोष्ट मला दिसत होती, पण कळत नव्हती. शिमगा झाला की सगळ्या बायका एकत्र खाडीत उतरायच्या, हसत, एकमेकींना चिडवत. मावशी त्यांच्यात नसे. त्या वर आल्यावर, पाणी भरायला लागल्यावर, ती एकटी उतरायची आणि घाईघाईनं आपलं काढायची. वयामुळे तिला गर्दी नकोशी झाली असावी असं मी धरून चाललो.

या वर्षी शिमग्याच्या आधी तिला ताप आला. डॉक्टर आता म्हातारे झाले आहेत, ते काठी टेकत आले, त्यांनी तपासलं आणि मला बाहेर नेऊन मान हलवली. पाच दिवस मी आणि बायको तिथंच होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ती शुद्धीवर होती. मी तिचा हात धरला होता. आता सांगायचं, असं मी मनात म्हटलं. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "भरती खंयसर इली?"

"अजून वेळ आहे."

"माझी सोडणां काढूची आसत."

"मी काढीन," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं. बायको पेज घेऊन आली आणि ती वेळ गेली. ती वेळ बायकोनं घालवली नाही, मी घालवली.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी काठावर गेलो. बायका काम आटपून वर येत होत्या. काकी तेवढी मागं राहिली होती. मी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि चिखलात उतरलो. मावशीच्या काठीची पट्टी ऊनपावसानं पांढरी पडली होती, गाठ मात्र घट्ट होती. पाय आपोआप आडवा सरकला, दगड लागला, मग टेकला. मी वाकून पहिला दगड उचलला.

"बरो ठाऊक आसा रे तुका," काकी म्हणाली.

मी सरळ उभा राहिलो. इतकी वर्षं न सांगितलेलं ते तिच्यासमोर बाहेर पडलं. ती ऐकणारी योग्य बाई नव्हती, पण दुसरी उरली नव्हती. "काकी, माका ठाऊक होता. त्या वर्षी. कोणाची सोडणां ती, किती दिवसांची, सगळा ठाऊक होता. मावशीचा खड्डो काढा म्हणान मीच सांगितलंय."

लहानपणची बोली इतक्या वर्षांनी तोंडात आली, ती या कामासाठी.

काकीनं हात धुवायचे थांबवले नाहीत. "तर! तू बारको असताना हयच कमरेभर रुतलेलंस, तेवा तुका ओढून काढलंय ता कोणी? मी. तुझी चड्डी अजून खाली आसतली. माकाच सांगतंस?"

"सगळ्यांका ठाऊक होता?"

"सगळ्यांका. पण ती उभी रवली आणि म्हणाली, एकदाय नाय. मगे आमी काय बोलतलंव? तिचां तोंड बघून गप रवलंव." तिनं हात झटकले. "आमी इसारलंव रे. सोडणां काय, दुसऱ्या वर्षी परत पुरलंव. पण ती नाय इसारली. खोटां बोललेली ना आमच्याकडे. त्यानंतर कधी आमच्यावांगडा उतरली नाय. सगळ्यो वर गेल्यो की मगे येय, मान खाली घालून. मी किती येळा हाक मारलंय, ये गो, ये. नाय इली."

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

"ह्यां तिका सांगूचा होता," काकी म्हणाली. "माका नाय. तू तिका एकदा म्हणाला असतंस, मावशे, आता पुरे, सांग त्यांका खरां, तर ती आमच्यात इली असती."

मला एवढ्या वर्षांत हे एकदाही सुचलं नव्हतं. मी न बोलल्यानं माझं काय झालं, याचाच विचार मी करत आलो होतो. ती त्या एका शब्दात अडकून पडली होती आणि सोडवणं माझ्या हातात होतं.

मी तसाच उभा राहिलो. काकीनं माझ्याकडे बघितलं, मग आपली पाटी माझ्यापुढं टाकली.

"उभो काय रवलंस? भर. भरती येता."

आम्ही दोघांनी मावशीची सोडणं काढली. पाटीचं एक टोक तिनं धरलं, एक मी. चार खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला मी काठी उपटायला वाकलो, तेव्हा तिनं माझा हात बाजूला केला.

"ती रवांदे," ती म्हणाली, आणि पाटी उचलून वर गेली.

सोडणं आता मावशीच्या अंगणात पडली आहेत. बडवायला काकी येते, आणि शाळा सुटल्यावर मी. हातांना वास लागला आहे, तो या कागदालाही येत असेल.